सेकंड

अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात
चादर दोन प्रकारची : फर्स्ट आणि सेकंड.
सेकंड म्हणजे कुठं मोराची मान तुटलेली,
कुठं बोटभर ताणा सुटलेला, नाहीतर तेलाचा डाग.
ऊब तेवढीच.
फक्त दुकानात उभी राहत नाही.

सीना गावात शिरली त्या आठवड्यात
शेठ म्हणाले, दीडशे काढा.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.
पंधरा वर्षं मोजणीला आहे,
काय विचारायचं नसतं ते मला कळतं.
बॅनर मात्र फर्स्ट क्वालिटीचा छापला,
चारी कोपऱ्यांना पितळी कड्या.

टेम्पोत शहरानं दिलेलं आधीच बरंच होतं :
हुकांशिवायचे ब्लाऊज, कुणाच्या लग्नातली शेरवानी,
डाव्या पायाचे तीन बूट,
आणि विडी घरकुलातून आलेल्या कडक भाकरी,
जुन्या तेलुगू पेपरात, एकेका घरच्या मोजून पाच,
मधे शेंगाचटणीची पुडी.
ड्रायव्हरनं त्यातली एक खाल्ली.
अर्धी मीही.
हे मी कुठं लिहिलेलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात रांग.
भिंतीवर छातीएवढी चिखलाची रेघ,
फळ्यावर शुक्रवारचा सुविचार,
त्याची खालची ओळ पाण्यानं नेलेली.

इंदुमती लेंडवे, वय साठ, असं यादीत.
मी चादर दिली, मोबाइल धरला.
तिचे डोळे मिटलेले आले.
मावशी, परत घेतो, डोळे उघडा.
उघडले.
इकडं बघा. बघितलं.
चादर जरा वर. धरली.
मागं एक मेलेली म्हैस
ट्रॅक्टरला बांधून ओढत होते,
म्हणून म्हटलं, थोडं डावीकडं सरका.
सरकली.

मग तिनं चादर उलटी केली.
लोक फुलं बघतात, हिनं पाठ बघितली.
बोट फिरवत गेली आणि थांबली नेमकी
मी खडूनं खूण केली होती तिथं.
"लगीन व्हायच्या आदी कांड्या भरत हुते मी,
भद्रावती पेठंत."

मी उत्तर जुळवायला लागलो :
घाईत झालं मावशी, बदलून देतो.
गाडीत बदलून द्यायला एकही नव्हती.

ती म्हणाली,
"रातपाळीचा असंल.
पहाटं तीनला डोळा लागतोच वो.
त्येला काय बोलू नगा.
पगारातनं कापू नगा त्येच्या."

मल्लेशम गड्डम, माग नंबर अकरा.
कापून झाले होते. शनिवारीच.
माझ्याच अक्षरात, लाल शाईनं,
त्याचे आणि आणखी चौघांचे,
नगामागे ठरलेला आकडा.
म्हणजे दान आधीच झालेलं होतं,
देणाऱ्याला न कळता.

तिनं सुटलेला धागा दातानं तोडला,
टोकाला गाठ मारली,
चादर शेजारच्या बाकावर झोपलेल्या
कुणाच्या तरी पोरावर टाकली
आणि आत निघून गेली.
यादीत तिच्यापुढं मी बरोबरची खूण केली.

शेठला दुसरा फोटो पाठवला.
चांगला आलाय, म्हणाले.
पहिला माझ्याकडंच आहे.
रात्री पुसायला जातो, बोट अडतं.
त्यात ती माझ्याकडं बघत नाहीये,
बहुतेक म्हणूनच ठेवलाय.

सोमवारी रजिस्टर उघडलं.
अकरा नंबरसमोर आकडा, खाली शेठची सही.
मी पान उलटलं.
मी दाबून लिहितो, सवय आहे.
मागच्या बाजूनं आकडा उठून आलेला,
दिसत नव्हता नीट,
पण बोटाला लागत होता.